तीन नंबरचं वेटिंग

लोणावळा स्टेशनात हौशीरामला हमाल म्हणून ओळखणारी माणसं थोडी. वेटिंगचा डॉक्टर म्हणून ओळखणारी फार.

लाल सदरा, दंडाला पितळी बिल्ला, वय त्रेपन्न, उंची बेताची आणि मान अशी, की खांद्यांच्या मध्ये कुणी हातोडीनं ठोकून बसवलीय. तीस वर्षं डोक्यावरून सामान वाहिलं की मान आत जाते, हा त्याचा स्वतःचा सिद्धांत. "लग्नाच्या फोटूत बगा, मान हाय का न्हाई? सारिकालाच इचारा." सारिका म्हणजे त्याची बायको. तिला विचारलं तर म्हणायची, "व्हती. पन तवाबी वाकडीच व्हती."

हमालीचा धंदा बॅगेच्या चाकांनी खाल्ला. पूर्वी मुंबईहून येणारं कुटुंब ट्रंक, वळकटी, फळांची करंडी असा संसार घेऊन उतरायचं. आता चार वर्षांचं पोरसुद्धा स्वतःची बॅग कुत्र्यासारखी मागं ओढत नेतं. शनिवार-रविवारी भुशी धरणावर भिजायला जाणाऱ्यांनी फलाट फुलून जातो, पण त्याचा हौशीरामला उपयोग काय? "पाठीवर येक पिशवी. जाताना रिकामी, येताना वली. वल्या टावेलाला कोन हमाल करतंय?" बॅगेला पहिल्यांदा चाक लावणारा माणूस भेटलाच तर त्याला कार्ल्याच्या सगळ्या पायऱ्या त्या बॅगेसकट चढवायच्या, एवढी एकच सुडाची इच्छा त्याच्या मनात होती. बाकी माणूस देवासारखा.

तर धंदा बसला आणि रिकामा वेळ आला. त्या वेळात हौशीरामनं वेटिंगची विद्या पक्की केली. कुठल्या गाडीचं वेटिंग कुठल्या वारी किती हलतं, कुठला कोटा उदार आणि कुठला चिकट, लग्नसराईत काय होतं, शाळा सुटल्यावर काय होतं, हे सगळं त्याच्या त्या आत गेलेल्या मानेवरच्या डोक्यात होतं. लोक तिकीट घेऊन यायचे. तो ते हातभर लांब धरायचा, डोळे बारीक करायचा आणि निदान सांगायचा. "बुधवारचं बारा? घरी जाऊन झोपा, मावशी. चार्टच्या आदी बसला तुमी." किंवा, "दिवाळीचं चार? आता देवाला सांगा. पन देवाचंबी वेटिंग आसंल." याचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. चहा मात्र नाकारला नाही.

आणि औषध सगळ्यांना एकच. वेटिंगला हात लावायचा नाही. "वेटिंग म्हंजी काठोकाठ भरल्याली कळशी. हलावली का सांडली." कार्ल्याच्या एका मास्तरांनी त्याचं न ऐकता सहा नंबरचं तिकीट रद्द करून दुसऱ्या गाडीचं काढलं. ते निघालं चाळीस. पहिल्या गाडीचं सहा नंबर आदल्या रात्री क्लिअर झालं आणि मास्तर मेव्हणीच्या लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचले. ही गोष्ट हौशीराम इतक्यांदा सांगायचा, की मळवलीपासून खंडाळ्यापर्यंत त्या मास्तरांना लोक नावानं नव्हे, नंबरानं ओळखू लागले. "सहा नंबर मास्तर आले का?"

मळवलीच्या अलीकडं, भातखाचरांच्या कडेला त्याचं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. वाट्याला आलेली जमीन एवढी, की बैल वळवायचा तर दुसऱ्याच्या शेतातून वळवावा. मूल एकच, प्रेरणा. ती बापावर गेली नव्हती. तिला मान होती.

तीन वर्षांपूर्वी हौशीराम जिन्यावरून घसरला आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात एक्स-रे काढायला एक तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, "काका, श्वास धरा." काकांनी धरला. बाईंनी फोटो काढला, बाहेर गेल्या, तो बघितला, दुसऱ्या पेशंटशी बोलून परत आल्या, तर काका जांभळे. "अहो सोडा की श्वास!" "तुमी सांगितलं न्हाई," असं म्हणून हौशीरामनं जो श्वास सोडला, त्यानं टेबलावरचे कागद उडाले. प्रेरणा तेव्हा दहावीला होती, सोबत गेली होती. ती बापाला हसली खरी, पण हसता हसता तिचं लक्ष त्या यंत्राकडं होतं. माणूस न उघडता आतलं बघायचं, ही गोष्ट तिच्या डोक्यात बसली ती बसलीच. बारावीला सायन्स घेतलं, लोकलनं लोणावळ्याच्या कॉलेजात जाऊन अभ्यास केला आणि पुण्याच्या एका कॉलेजात एक्स-रे, सोनोग्राफीच्या डिग्रीला अर्ज टाकला. जागा तीस. बारावीच्या मार्कांवर यादी. तिचं नाव यादीत आलं नाही. यादीच्या खाली आलं. प्रतीक्षा यादी, क्रमांक तीन.

प्रेरणानं मोबाईल बापापुढं धरला तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. हौशीरामनं मोबाईल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि मांडीवर थाप मारली.

"तीन? आगं, तीन म्हंजी बसलीच की गं तू! तीन नंबरला मी आजवर कुनाला फलाटावर ऱ्हायल्यालं बगितलं न्हाई. सारिके, च्या टाक. साखर टाकून."

"रोज काय माती टाकते व्हय मी?" सारिका आतून म्हणाली. पण तिनं टाकली, दोन चमचे जास्त.

दुसऱ्या दिवशी प्रेरणा तिच्या कॉलेजातल्या अनघा मॅडमना भेटली. अनघा मॅडम बायॉलॉजी शिकवायच्या आणि मुलांना फॉर्मसुद्धा भरून द्यायच्या. त्यांनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, की वेटिंग म्हणजे स्वस्थ बसणं नाही. पुण्याच्या कॉलेजात स्वतः जायचं. जागा मिळाली तर त्याच दिवशी फी भरून प्रवेश घेईन, असं लिहून, सही करून अर्ज द्यायचा. बायॉलॉजीच्या फेरतपासणीत पाच मार्क वाढलेत, त्याची नवी मार्कशीट जोडायची. सगळे मूळ कागद एका फाईलमध्ये तयार ठेवायचे. कॉलेजची वेबसाइट रोज सकाळ-संध्याकाळ बघायची. "आणि त्यांच्याकडून काहीही मेसेज आला, की त्याच तासाला भरायचं. तीन नंबरच्या भरवशावर राहू नकोस. नंबर म्हणजे काही करारनामा नाही."

प्रेरणानं हे सगळं वहीत लिहून आणलं आणि रात्री जेवताना वाचून दाखवलं. हौशीराम भाकरी मोडता मोडता ऐकत होता.

"म्हंजी आपन जाऊन त्यांना सांगायचं, का आमाला घ्या?"

"घ्या असं नाही पप्पा. आम्ही तयार आहोत असं."

"तिकीट काडल्याला मानूस तयारच आसतो. तयार नसता तर काडलं कशाला आसतं?" त्यानं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "रोज जाऊन स्टेशनमास्तरला तोंड दावलं म्हनून कुनाचा नंबर वर गेला न्हाई, पोरी. उलट मानूस वैतागतो. मी रोज बगतो ना. खिडकीवर जो जास्ती हुज्जत घालतो, त्याला बाई चष्मा काडून बगती. चष्मा काडला का काम संपलं."

"अवं, मॅडम शिकल्याल्या हायेत," सारिका म्हणाली.

"शिकल्याल्या हायेत. पन त्या लोकलनं जात्यात. लोकलला वेटिंग नसतं."

यावर माय-लेकी हसल्या, आणि हसणं हाच घात झाला. हसल्यावर वाद संपतो. प्रेरणानं वही मिटली. मनात तिला पुरतं पटलं नव्हतं, पण ती लहानपणापासून बघत आली होती. माणसं तिकीट घेऊन दारात यायची, बाप म्हणायचा "बसलाच तुमी", आणि आठ दिवसांनी ती माणसं पेढे घेऊन यायची. पेढे खाऊन वाढलेल्या पोरीनं बापावर अविश्वास कसा दाखवावा?

पुण्याला जाणं राहिलं. फाईल मात्र तिनं तयार केली. नवी मार्कशीट सगळ्यांत वर ठेवली.

बारा दिवस गेले. प्रतीक्षा यादी जागची हलली नाही. हौशीराम म्हणाला, "हलनार न्हाईच. चार्टच्या आदल्या दिशी एकदम हलती." तेराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, प्रेरणाच्या ईमेलवर कॉलेजचा मेसेज आला. रिक्त जागांसाठी इच्छुक उमेदवारांनी आज सायंकाळी पाचपर्यंत नव्यानं अर्ज करावा. खाली लिंक.

प्रेरणानं मॅडमना फोन लावला. लागला नाही. मॅडम परीक्षेच्या ड्युटीवर होत्या आणि ड्युटीवर फोन बाहेर जमा करावा लागतो. मग तिनं स्वतःच लिंक उघडली, अर्ज भरला, वाढलेले मार्क टाकले, फोटो चढवला. शेवटच्या पानावर लाल अक्षरांत एक ओळ होती. "नवीन अर्ज सादर केल्यावर आधीचा अर्ज रद्द होईल." त्याखाली ओटीपीची चौकट.

आता ओटीपी यायचा तो हौशीरामच्या मोबाईलवर. प्रेरणाच्या आधारला बापाचाच नंबर जोडलेला, त्यामुळं तिच्या प्रत्येक फॉर्मला तोच लागलेला. त्यांच्या घरात ओटीपी ही वस्तू पप्पांच्या खिशातून येते. स्कॉलरशिपचा असो, परीक्षेचा असो, ती घरून फोन करायची आणि बाप फलाटावरून सहा आकडे असे ओरडून सांगायचा, की समोरच्या फलाटावरच्या माणसानंही फॉर्म भरावा.

पावणेचारला घाट चढून एक लांबची गाडी आली. घाटापुरतं मागं जोडलेलं इंजिन काढेपर्यंत थांबते ती. एक म्हातारी आणि तिचा गुडघे धरून चालणारा नवरा उतरत होते, आणि त्यांच्याकडं, अहोभाग्य, बिनचाकांच्या दोन बॅगा होत्या. हौशीरामनं दोन्ही डोक्यावर घेतल्या, हातात डब्यांची पिशवी घेतली, आणि खिशात फोन वाजला.

"गेणू! फोन घे, फोन!"

गेणू हा त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी धाकटा हमाल. त्यानं हौशीरामच्या खिशातून फोन काढला आणि त्याच्या कानाला लावून बरोबर चालू लागला. लग्नात नवऱ्याबरोबर करवली चालते तसा.

"पप्पा, ओटीपी आला असेल. सांगा पटकन."

"कशाचा गं?"

"कॉलेजचा. नवीन फॉर्म भरलाय. पाचपर्यंतच मुदत आहे."

"नवीन? मग जुन्याचं काय?"

"तेच विचारायचं होतं. इथं लिहिलंय, नवीन अर्ज सादर केल्यावर आधीचा अर्ज रद्द होईल."

हौशीराम जिन्याच्या पहिल्या पायरीवर असा थांबला, की मागून येणारे आजोबा त्याच्या पाठीवर आपटले.

"रद्द?"

"हो."

"रद्द आसंच लिवलंय? नीट वाच."

तिनं परत वाचलं. रद्द असंच लिहिलं होतं.

"हात काड त्या मोबाईलवरनं," हौशीराम म्हणाला. "आगुदर हात काड. पोरी, तीन नंबर हाय आपला. ह्यो मेसेज ज्यांना नंबर न्हाई त्यांच्यासाठी हाय. त्यांनी भरावा. आपन भरला का आपला तीन गेला, आन नवीन नंबर कितवा पडंल कोन सांगतंय? तीस पडंल, पन्नास पडंल. मास्तरांचं काय झालं ठावं हाय ना?"

"पण पप्पा, मॅडम म्हणाल्या होत्या, काही आलं की लगेच भर."

"मॅडमला इचारलंस का, रद्द हुतंय म्हनून?"

"त्यांचा फोन लागत नाही."

"मग?"

गेणूनं ऐकलं होतंच, तो म्हणाला, "भाऊ, देऊन टाक की. पोरगी शिकल्याली हाय."

"तू गप ऱ्हा. तुझं लगीन आजून वेटिंगला हाय, तू मला सांगनार?"

"ते चार्टच निघंना, त्याला मी काय करू?" गेणू म्हणाला.

हौशीराम हसला, बॅगांसकट. "ठेव गं फोन. मी हाय ना. कळशीला हात लावू नगं."

साडेचारला तिचा परत फोन आला. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, ओटीपीची वेळ संपली म्हणून दुसरा मागवलाय. मला वाटतं भरावा." त्यानं परत तेच सांगितलं. पावणेपाचला तिसरा मेसेज त्याच्या मोबाईलवर आला, पण त्या वेळी फोन आला नाही. सहा आकडे आले आणि पडून राहिले. पाच वाजले. हौशीरामनं स्टेशनवरच्या घड्याळात बघितलं आणि छातीवरून ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं चारचौघांत सांगितलंसुद्धा, "आज पोरगी घाबारली व्हती. नंबर घालवूनच बसली आसती. येळेवर अडावली म्हनून." टपरीवाल्यानं त्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

शनिवारी यादी लागली. चार नावं. त्यात प्रेरणा नव्हती. प्रतीक्षा यादीतली पाच नंबरची मुलगी होती, सात नंबरची होती, अकरा नंबरचा मुलगा होता, आणि एक मुलगी तर आधी कुठंच नव्हती, ती पहिल्यांदाच अर्ज करून आत गेली होती.

"चार्टमदी चूक हुती कंदीकंदी," हौशीराम म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचाच होता, पण सोमवारी त्यानं दाढी केली, लग्नातला पांढरा सदरा घातला आणि हमाल म्हणून जन्मात पहिल्यांदाच कामाला दांडी मारली. "टीसी गाठावा लागतो. तोंडानं बोललं का हुतंय."

दोघं पुण्याला गेले. कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाच्या खिडकीवर एक बाई होत्या. हौशीराम खिडकीपाशी वाकला नाही, कारण तो उंचीनंच तिथवर होता. त्यानं सगळं नीट सांगितलं. नंबर तीन, तारीख, नाव. बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं.

"यांचा अर्जच नाहीये."

"हाय की. तीन नंबर."

"तो पहिल्या फेरीचा. रिक्त जागांच्या फेरीसाठी नव्यानं करायचा होता. मेसेज गेलाय सगळ्यांना."

"पन त्यात लिवलं व्हतं, जुना रद्द हुईल."

"होणारच ना काका. नवा आला की जुना रद्द. म्हणजे एकाच मुलाचे दोन नकोत."

"आन नवा न्हाई भरला तर?"

"तर काही नाही. ती यादी गुरुवारी पाचला बंदच झाली."

हौशीरामनं प्रेरणाकडं बघितलं नाही. "म्हंजी तीन नंबर... तो ऱ्हायलाच न्हाई?"

"नाही ना."

"मंग त्याला वेटिंग कशाला म्हनता वो तुमी?"

बाईंनी चष्मा काढला. पण त्या वैतागल्या नव्हत्या. त्यांनी प्रेरणाची फाईल मागून घेतली, वरची मार्कशीट बघितली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "फेरतपासणीचे पाच वाढलेत होय? अर्ज असता तर पहिलंच नाव होतं गं तुझं."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. त्यांनाही ते कळलं, कारण त्यांनी फाईल लगेच मिटली.

मग हौशीरामनं खिशातून मोबाईल काढला. बोटानं वर-खाली करत त्यानं गुरुवारचे मेसेज शोधले आणि मोबाईल खिडकीतून आत धरला. "ह्ये बगा ताई. ओटीपी आल्यालं. येक न्हाई, तीन आलेत. मी पुसलं न्हाईत. पयला चालत नसंल तर तिसरा घ्या. चार, शून्य, येक..." तो आकडे वाचू लागला. फलाटावर वाचतो तसे, मोठ्यानं, एकेक सुटा. मागच्या रांगेतली मुलं मोबाईलमधून डोकी वर काढून बघू लागली.

"काका," बाई म्हणाल्या, "ते दहा मिनिटांचे असतात."

"पप्पा, चला," प्रेरणा म्हणाली.

"कुनी रद्द केलं तर? पुना येखांदी जागा? मी हितं बसतो दारात. दोन दीस बसतो."

"आता फेरी नाही काका. पुढच्या वर्षी."

परतीच्या गाडीत दोघांना बसायला जागा मिळाली, समोरासमोर. देहूरोड गेलं, तळेगाव गेलं. वडगावला प्रेरणा खिडकीकडं बघतच म्हणाली, "पप्पा, मी गुरुवारी फोनवर रडले असते, तर दिला असता तुम्ही ओटीपी?"

हौशीरामला खोटं बोलायची सवय नव्हती. वेटिंगच्या डॉक्टराला ती परवडत नाही.

"दिला आसता," तो म्हणाला.

"मग रडायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

घरी त्या रात्री चूल पेटली, जेवण झालं, भांडी वाजली. सारिकानं नवऱ्याला एक शब्द टोचला नाही. तिनं टोचलं असतं तर बरं झालं असतं, इतकी ती जपून बोलत होती. गावात लोक विचारायचे, "काय हौशीराम, झालं का पोरीचं कन्फर्म?" आणि तो तोंड उघडायच्या आत प्रेरणा सांगायची, "जागाच नव्हत्या हो काका. सरकारनंच कमी केल्या." लोक म्हणायचे, "तरीच! न्हाईतर हौशीरामच्या घरात तीन नंबर आडकतोय व्हय?" सरकारनं जागा कमी केल्या हे कुणालाही लगेच पटतं. पुरावा कुणी मागत नाही.

हौशीराम हे आठवडाभर ऐकत राहिला. पोरगी त्याच्या नावावर पांघरूण घालत होती आणि त्याला त्या पांघरुणात घुसमटायला होत होतं. फलाटावर कुणी तिकीट पुढं केलं तर तो म्हणायचा, "चष्मा न्हाई आनला." त्याला चष्मा कधीच नव्हता.

पुढच्या सोमवारी अनघा मॅडमनी प्रेरणाला बोलावून घेतलं. हौशीराम तिच्याबरोबर गेला, न बोलावता. मॅडम रागावलेल्या होत्या. आवडत्या मुलीवर रागवतात तशा, जास्तच.

"मी तुला काय सांगितलं होतं? मेसेज आला की त्याच तासाला. वहीत लिहून घेतलंस ना? तू चार फोन करायचेस, शिपायाकडून निरोप धाडायचास. एवढे मार्क घेऊन असा आळस? वर्ष घालवलंस तू, प्रेरणा. स्वतःच्या हातानं घालवलंस."

"माझ्या लक्षात नाही आलं मॅडम," प्रेरणा म्हणाली. खाली बघून, सरळ आवाजात. पाठ केल्यासारखं.

हौशीराम दाराशी उभा होता. त्यानं टोपी काढली.

"मॅडम, खोटं बोलती ती. तिनं भरला व्हता फारम. पुरा भरला व्हता. तिनं तीनदा मागावला ओटीपी, मीच दिला न्हाई. माज्या खिशात व्हता आन मी दिला न्हाई."

"पप्पा, कशाला..."

"तू गप ऱ्हा. सरकारनं जागा कमी केल्या म्हनून सांगती गावात. सरकार कसलं? मीच केल्या. येक जागा मी कमी केली."

अनघा मॅडमच्या टेबलावर तपासायचे पेपर होते, ते त्यांनी विनाकारण सरळ केले. मग शिक्षक अडचणीत आल्यावर करतात तेच त्यांनी केलं, पुढचं काम सांगितलं. पुढच्या वर्षी परत अर्ज करता येईल. एक वर्ष रिकामं का गेलं असं विचारतील, तर लोणावळ्यात एखाद्या दवाखान्यात काम बघ, पगार कमी असला तरी दाखला मिळेल. "आणि आधी," त्या हौशीरामकडं बघून म्हणाल्या, पण आता रागानं नाही, "हिच्या आधारला हिचा स्वतःचा नंबर लावा. अठरा पूर्ण झालीत तिला."

"लावतो," हौशीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते लोणावळ्यात आधारच्या केंद्रावर गेले. टोकन घेतलं, बाकावर बसले. दवाखान्यांत प्रेरणा दोन ठिकाणी विचारून आली होती. एकीकडं माणूस नको होतं आणि दुसरीकडं वेटिंगवर ठेवतो म्हणाले होते. तिनं ते बापाला सांगितलं नव्हतं. भुशीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात काउंटरवर बसायला ये म्हणाले होते, ते मात्र सांगितलं होतं. एक तारखेपासून जायचं होतं.

टोकन आलं. यंत्रापुढच्या माणसानं प्रेरणाला डोळे उघडे ठेवायला सांगितले, बोटं काचेवर ठेवायला सांगितली. मग पडद्यावर बघत विचारलं, "आत्ता जो नंबर आहे तो कुणाचा?"

"माझा," हौशीराम म्हणाला. "बाप हाय मी तिचा."

"मग हा काढायचा? एकदा काढला की हिचं काहीच तुमच्याकडं येणार नाही. बँकेचं नाही, कॉलेजचं नाही, कसलंच नाही. पुन्हा येऊन तक्रार करू नका. काढू ना?"

प्रेरणानं बापाकडं बघितलं. आठवडाभरात पहिल्यांदाच.

"काडा," हौशीराम म्हणाला.

माणसानं बटण दाबलं. पावती हौशीरामपुढं केली. हौशीरामनं हात मागं घेतला आणि मानेनं पोरीकडं दाखवलं. प्रेरणानं पावती घेतली, घडी न घालता फाईलमध्ये ठेवली. त्यांच्या मागं बसलेल्या म्हाताऱ्याचा नंबर आला होता, त्यानं पुढं येऊन विचारलं, "झालं का तुमचं?"

"झालं, बाबा. बसा," हौशीराम म्हणाला आणि खुर्ची त्याच्यासाठी मागं ओढून धरली.